प्रकार : सत्कार

नांदेडच्या गोदारंग नाट्यगृहात नाटक करण्याची परवानगी मिळावी, असा अर्ज घेऊन मल्लिनाथ उभा राहिला, तेव्हा व्यवस्थापक व्यंकटरावांनी तो दोनदा वाचला.

"नाटक? इथं?"

"नाट्यगृह हाय ना सर हे."

"हाव, पाटी हाय तशी." त्यांनी छापील नमुना पुढे सरकवला. "पण प्रकार बघा. लग्न, मेळावा, सत्कार, साड्यांचा सेल. नाटक कुठं हाय?"

सात महिने तालीम झाली होती. मल्लिनाथ राजा होणार होता, आणि लेकाला रंगमंचावर बघायला त्याची आई कोंडाबाई पहिल्यांदाच लोह्याहून येणार होती. त्याने 'सत्कार'वर खूण केली. म्हटले, एक शाल घालू आणि पडदा उघडू.

पण सत्कार म्हटला की सत्कारमूर्ती आली. व्यंकटराव अर्थातच झाले. मग ध्वनिक्षेपकवाले दयानंदराव रुसू नयेत म्हणून ते. ते झाले म्हणून त्यांचे साडू. तिसरी घंटा झाली, तोवर पहिली रांग मंचावर गेली होती. दुसरी रांग नुसती खाकरत होती. माणूस खाकरला की मल्लिनाथला नाव पुकारावेच लागे. शाली संपल्या, तेव्हा आधीच्यांच्या खांद्यावरून उतरवून पुढच्यांना घालण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. खाली मात्र कोणी उतरेना. सामूहिक फोटो बाकी होता.

आठच्या सुमारास कोंडाबाई सोडून सगळे सभागृह मंचावर होते. टाळ्यांना माणसे उरली नाहीत, म्हणून मेकअप केलेले नट खाली येऊन खुर्च्यांवर बसले. राणी झालेली सिंधू पुष्पगुच्छ पुरवून थकली होती. मल्लिनाथ मुकुटासकट आईशेजारी टेकला.

"मल्ल्या, नाटक कवा सुरू व्हायचं रं?"

त्याने मंचाकडे पाहिले. "चालूच हाय, माय."

कोंडाबाईने पदर सावरून बराच वेळ निरखले. "कामं बेस करून राहिलेत. पण समदेच राजे. परजा कोन्हीच न्हाई."

"परजा आपण हाव की, माय," म्हणत त्याने मुकुट काढून मांडीवर ठेवला आणि टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली : 'नाटकाला रसिकांची तुडुंब गर्दी'. सोबत सामूहिक फोटो. जरा मोठा करून पाहा. डावीकडून चौथे, मान तिरकी करून कॅमेऱ्यात यायला धडपडणारे, ते आपणच आहात. नाही म्हणू नका. शाल अजून परत यायची आहे.