परातीत पडलेला हणमंतप्पा

ज्या गावाला रेल्वे नाही त्या गावाला भविष्य नाही, हे चनमल्लप्पांचं मत पोकळ नव्हतं. निजामाच्या रेल्वेत तीस वर्षं गार्डाची नोकरी करून ते या मतापर्यंत पोहोचले होते. आता ही तीस वर्षं त्यांनी गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून मागे पळणारे रूळ बघण्यात घालवली होती आणि पुढे काय आहे हे त्यांना कायम सगळ्यात शेवटी कळत आलं होतं, ही गोष्ट वेगळी.

त्यांच्या दुबलगुंडीला रेल्वे नव्हती. सन चोपन्नच्या उन्हाळ्यात पेन्शन घेऊन ते गावी आले. दोन महिने वाट बघूनही सरकारने काही हालचाल केली नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच ओसरीत रेल्वे आणली. रॉकेलच्या डब्यांच्या पट्ट्यांचे रूळ, तुराट्यांचे स्लीपर, बिस्किटाच्या पत्र्याचे तीन डबे आणि मोडक्या ग्रामोफोनच्या स्प्रिंगच्या कमानीवर धावणारं इंजिन. एका टोकाला स्टेशन, दुसऱ्या टोकाला बोगदा, मध्ये नदीवर पूल. नदी म्हणजे पाण्याने भरलेली रुद्रम्मांची परात.

"पीठ कशात मळू मी आता? नदीत?" रुद्रम्मांनी विचारलं.

"चार दिस थांब. चित्र काढून झालं की नदी तुझी."

चित्र म्हणजे चलचित्र. मुलूख सोडून जाताना रेल्वेचा एक गोरा इंजिनियर त्यांना हाताने फिरवायचा छोटा कॅमेरा, तसंच हाताने फिरवायचं पडद्यावर दाखवायचं मशीन आणि फिल्मचं एक रीळ देऊन गेला होता. दुबलगुंडीत गाडी किती शोभते हे दिल्लीच्या रेल्वे बोर्डाने डोळ्यांनी बघितलं, की खरे रूळ टाकायला त्यांना कितीसा वेळ लागणार, असा चनमल्लप्पांचा हिशेब होता.

गाडीला प्रवासी हवेत. तिथे चूक झाली. जेठातली मातीच्या बैलांची अमावास्या नुकतीच झाली होती. त्या दिवशी घरोघरी मातीचे बैल करतात, हळदकुंकू वाहतात, नैवेद्य दाखवतात आणि नंतर पाण्यात सोडतात. चनमल्लप्पांच्या घरचे बैल सोडायचे राहिले होते. माती चांगली चिकण होती. त्यांनी बैल भिजवले, मळले आणि त्यांचे प्रवासी केले.

पहिल्या डब्याच्या खिडकीत त्यांनी आपली आई बसवली. शरणम्मा सहा वर्षांपूर्वी वारल्या होत्या. गार्डाची आई असून जन्मात एकदाही रेल्वेत बसल्या नव्हत्या, हे शल्य चनमल्लप्पांना होतं. डोक्यावर पदर, नाक जरा वाकडं. रुद्रम्मांनी खिडकीत डोकावून बघितलं आणि दोन पावलं मागे सरल्या.

"अगदी तश्याच बगायल्यात," त्या म्हणाल्या. "जित्या होत्या तवर मला एक दिस माहेरी जाऊ दिलं न्हाई. आता सवता निघाल्या. जाऊ द्या बया."

शेजारचा हणमंतप्पा, अडत दुकानवाला, रोज संध्याकाळी येऊन रेल्वे बघायचा. त्याने हट्ट धरला. "गार्डअण्णा, मला बी बशिवा. पन खिडकीत नको, दारात हुबा करा. फेटा दिसाय पायजे."

"दारात हुबं ऱ्हाणं कायद्यात बसत न्हाई."

"मातीच्या मानसाला कसला कायदा आलाय?"

चनमल्लप्पांच्या तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या गाडीतून एकही माणूस पडला नव्हता. गाडी दोनदा रुळावरून घसरली होती, एकदा लुटली गेली होती, पण पडलं कोणी नव्हतं. तरी शेजारधर्म म्हणून त्यांनी हणमंतप्पाला दारात उभं केलं.

भर उन्हात चित्रीकरण झालं. चनमल्लप्पा कॅमेऱ्याची दांडी फिरवत होते, रुद्रम्मांनी इंजिनाची कमान सोडली, हणमंतप्पा कमरेवर हात ठेवून स्वतःला बघत होता. गाडी स्टेशनातून निघाली. शरणम्मा खिडकीतून गेल्या. पुलावर तुराटी वर आलेली होती, डब्याला हिसका बसला आणि दारातला हणमंतप्पा परातीत पडला.

कच्ची माती. बघता बघता विरघळली. मातीत पूजेचं कुंकू होतं, ते पाण्यावर तांबडं होऊन पसरलं. आणि ओसरीत उभा असलेला हणमंतप्पा कमर धरून मटकन खाली बसला.

"अण्णा," तो म्हणाला, "मी पडलो."

तो घरी गेला तो चौघांच्या खांद्यावर. कमरेतून अशी कळ यायची की तो खाटेवर धनुष्यासारखा वाकायचा. त्याची बायको भागम्मा हिने मठाच्या स्वामींना बोलावलं. स्वामींनी सगळं ऐकून घेतलं.

"बैल म्हून पुजली, मानूस म्हून बशिवली," ते म्हणाले. "मातीनं काय समजायचं? फुडच्या अमाशीपतोर वाट बगा."

कशाची वाट बघायची हे स्वामींनी सांगितलं नाही, त्यामुळे ते सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवसापासून लोक हणमंतप्पाला भेटायला येऊ लागले. आवाज बारीक करून बोलू लागले. कोणीतरी त्याच्या शेताची चौकशीसुद्धा केली.

"हुमनाबादच्या डॉक्टरला दाखवू या," चनमल्लप्पा म्हणाले.

"डॉक्टरला मातीतलं काय कळतंय?" भागम्मा म्हणाली. "तुमीच पाडलाव, तुमीच हुबा करा."

"दुसरा बाहुला करतो. फेट्यासकट."

"दुसरा बाहुला म्हंजी दुसरा मानूस. मला ह्योच पायजे."

चनमल्लप्पांची झोप उडाली. तीस वर्षांत जे झालं नाही ते पेन्शनीत, स्वतःच्या ओसरीत, फुटभर पुलावर झालं होतं. आणि अमावास्येला माणूस गेला तर कोणत्याच रजिस्टरात त्याची नोंद होणार नव्हती. फक्त भागम्मा रोज सकाळी अंगण झाडताना त्यांच्याकडे बघणार होती.

सिकंदराबादला धुवायला पाठवलेली फिल्म अमावास्येला आठ दिवस असताना टपालाने आली. धान्याच्या खोलीला खिडकी नव्हती. दुपारी दार लावून घेतलं की आत मिट्ट काळोख. चनमल्लप्पांनी भिंतीवर धोतर टांगलं, मशीनमध्ये लॉरीच्या हेडलाइटचा बल्ब बसवला, मागे भाड्याची बॅटरी जोडली आणि एकट्यानेच दांडी फिरवली.

धोतरावर गाडी निघाली. शरणम्मा खिडकीतून गेल्या. पुलावर हणमंतप्पा पडला, विरघळला, पाणी काळं झालं. चनमल्लप्पांच्या हाताला घाम आला, दांडी निसटली आणि सावरताना उलटी फिरली.

पाण्यातलं काळं गोळा होऊ लागलं. त्याला पाय फुटले, मग फेटा. परातीतून हणमंतप्पा सरळ उठला, हवेतून वर आला आणि डब्याच्या दारात उभा राहिला. कमरेवर हात ठेवून.

शेजारून भागम्माची हाक आली, "गार्डअण्णा! हे उठून बसल्यात! पेज मागायल्यात!"

चनमल्लप्पांच्या हाताला थांबायचं सुचलं नाही. तो उलटाच फिरत राहिला. गाडी मागे मागे येत राहिली आणि स्टेशनात येऊन उभी राहिली. खिडकीत शरणम्मा होत्या. आता त्यांचं नाक घराकडे होतं.

तीन दिवस हणमंतप्पा भाकरी खात होता, अंगणात फिरत होता. गावात चनमल्लप्पांचा मान वाढला. चौथ्या दिवशी रुद्रम्मा धान्याच्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"मिठाची बरणी चुलीच्या उजवीकडं गेलीय."

"मग डावीकडं ठेव."

"सहा वर्सं मी डावीकडंच ठिवायलीय. उजवीकडं आत्याबाई ठिवायच्या. तीन दिस झालं, रोज सकाळी उजवीकडं ऱ्हायलीय." त्यांनी आवाज खाली आणला. "गाडी वापस आणलाव का तुमी?"

त्या सकाळी स्वयंपाकघरात तपकिरीचा वास चनमल्लप्पांनाही आला होता. घरात तपकीर ओढणारं कोणी उरलं नव्हतं. आपल्याला आईची आठवण येते म्हणून तसं वाटलं असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. पण आठवणीने त्यांना कधी शिंका आली नव्हती.

"तीस वर्सं सोसले मी," रुद्रम्मा म्हणाल्या. "पुन्ना न्हाई सोसनार. आत्ताच्या आत्ता गाडी फुडं न्या. न्हाईतर मी सवता गाडी धरते, माहेरची."

दुबलगुंडीला गाडी नाही हे सांगायची ही वेळ नव्हती. चनमल्लप्पांनी दार लावलं आणि दांडी सुलटी फिरवली. शरणम्मा स्टेशनातून निघाल्या. रुद्रम्मांनी हात जोडले. गाडी पुलावर आली, हिसका बसला आणि भिंतीपलीकडून किंकाळी आली.

"मेलो गं भागम्मा! पडलो पुन्ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बरणी डावीकडेच होती. हणमंतप्पा मात्र धनुष्य झाला होता. भागम्मा कंबर बांधून आली आणि ओसरीतल्या स्टेशनातच बसली.

"अक्का, तुमच्या बरनीपायी माझं कुक्कू पुसायलाव व्हय?"

"तुझं कुक्कू ठिवायला मी सासू जिती करू?"

"एक सासू जड झाली का तुमाला?"

"तुला सासू न्हाई म्हून बोलायलीस!"

चनमल्लप्पा दोघींच्या मध्ये, बोगद्यापाशी बसून राहिले. रेल्वेत एक नियम असतो. पुढच्या स्टेशनात जागा नसेल आणि मागच्यातही नसेल, तर गाडी मध्येच उभी करायची. त्यांनी घसा साफ केला.

"अर्ध्यावर थांबवू. उलटी फिरवतो. हणमंतप्पा पान्यातनं वर आला, दारात हुबा राह्यला, की तिथंच दांडी सोडतो. गाडी पुलावरच. म्हंजी ह्यो वाचला, आन् आई स्टेशनात आली न्हाई."

दोन्ही बायकांनी विचार केला. "जन्मभर पुलावर?" रुद्रम्मांनी विचारलं.

"हवा लागंल तिला," चनमल्लप्पा म्हणाले.

अमावास्येच्या दिवशी दुपारी धान्याची खोली भरली. एका पोत्यावर स्वामी, दुसऱ्यावर भागम्मा. दाराशी रुद्रम्मा, मिठाची बरणी मांडीवर धरून. हणमंतप्पाला खाटेसकट आणलं होतं. येऊ नको म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं.

"माझ्या जिवाचं काय ते माझ्याम्होरं हुंद्या," तो कण्हत म्हणाला.

दार लागलं. काळोखात दांडीची टिकटिक सुरू झाली. बोगद्यातून गाडी मागे मागे आली. परातीतलं काळं पाणी थरथरलं. त्याला पाय फुटले, फेटा फुटला. खाटेवर हणमंतप्पाने श्वास आत घेतला आणि तो बाहेर सोडलाच नाही. धोतरावरचा हणमंतप्पा उडाला, दारात उभा राहिला.

"थांबवा!" रुद्रम्मा ओरडल्या.

चनमल्लप्पांनी दांडी सोडली. गाडी पुलावर उभी राहिली. दारात हणमंतप्पा, पुढच्या खिडकीत शरणम्मा. कोणी हललं नाही. आणि त्या शांततेत, हळूहळू, शरणम्मांनी मान वळवली.

सगळ्यांनी बघितलं. त्या खिडकीतून सरळ खोलीत बघत होत्या. मग त्यांचा चेहरा फुगू लागला, तपकिरी झाला आणि कपाळाला एक भोक पडलं. भोक वाढत गेलं. त्याच्या कडा उकळत होत्या. भोकाने खिडकी गिळली, डबा गिळला आणि ते दाराकडे, फेट्याकडे सरकू लागलं.

थांबलेली फिल्म बल्बच्या आचेने जळते, हे चनमल्लप्पांना त्या गोऱ्या इंजिनियरने पाच वर्षांपूर्वी सांगितलं होतं. ते त्यांना आत्ता आठवलं.

"मला खायलीय!" हणमंतप्पाने आरोळी ठोकली. आणि चार दिवस कूस न बदललेला तो माणूस खाटेवरून उडाला, स्वामींच्या मांडीवर पाय देऊन पुढे झेपावला, दार उघडून अंगणात गेला, कुंपणावरून उडी मारून रस्त्याला लागला. भागम्मा मागे धावली. ज्वारीची पोती ओलांडत, एकमेकांना तुडवत सगळी माणसं बाहेर पडली.

चनमल्लप्पा एकटेच आत राहिले. धोतरावर आता फक्त पांढरा उजेड होता आणि जळक्या फिल्मचा वास. त्यात थोडी तपकीर असल्यासारखं त्यांना वाटलं. ते हात जोडून उभे राहिले. "माफ कर, आई," ते म्हणाले. "गाडी तुला लाभली न्हाई." आणि त्यांनी बॅटरीची तार काढली.

गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत हणमंतप्पा थांबला नाही. तिथे पायरीला ठेचकाळून तो आडवा पडला. लोकांनी उचलून घरी आणला तेव्हा घामाने निथळत होता. रात्र त्याने कण्हत काढली. अमावास्या उलटली. गावातलं कोणी झोपलं नाही आणि ओसरीत चनमल्लप्पा हिरवा कंदील पेटवून पहाटेपर्यंत बसून होते.

सकाळी भागम्माने हाक मारली. चनमल्लप्पा अनवाणी धावले. हणमंतप्पा खाटेवर मांडी घालून बसला होता आणि तिसरी भाकरी खात होता. त्याने एक कागदाची पुडी पुढे केली.

पुडीत मुतखडा होता, ज्वारीच्या दाण्याएवढा.