सोफ्याचा मूळ रंग

भावनगरच्या प्राणजीवन वोरांनी दिवाळीच्या तोंडावर दिवाणखाना रंगवायला काढला, तेव्हा त्यांच्या डोक्यात रंगाचा विचार मुळीच नव्हता. त्यांना सोफ्यावर बसायचं होतं.

आपल्याच घरातल्या सोफ्यावर बसायला भिंती कशाला रंगवाव्या लागतात, असं एखाद्याला वाटेल. त्या एखाद्याला वोरांच्या पत्नी वसुमतीबेन माहीत नाहीत. सोफा आला तो तेजलच्या, म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलीच्या साखरपुड्याला. आता तेजलची मुलगी कॉलेजात जाते. टेम्पोतून उतरला त्याच संध्याकाळी वसुमतीबेननी त्याला खोळ चढवली. खोळ मळू नये म्हणून तिच्यावर कच्छी भरतकामाची चादर आली, आणि भरतकाम फार सुंदर असल्यामुळे त्याच्यावर एक साधी चादर आली. खोळ काढायची ती फक्त मानाच्या पाहुण्यांसाठी, असा घरचा नियम होता. साखरपुड्याला व्याही आले, पण फराळाला गांठियांबरोबर चटणी होती. व्याह्यांच्या हाताचा भरवसा कोणी द्यायचा? खोळ राहिली. पुढे बारशी झाली, वाढदिवस झाले, मतं मागायला नगरसेवक येऊन गेले, एकदा तर हवेलीचे, म्हणजे वैष्णव मंदिराचे, महाराज पायधूळ झाडून गेले. पण वसुमतीबेननी ती पायधूळच मनावर घेतली आणि खोळ राहिली.

इतर पाहुणे चादरीवरच्या चादरीवर बसू शकत. घरच्यांना तीही मुभा नव्हती. "रोजची माणसं बसली की फोम दबतो," असं वसुमतीबेनचं शास्त्र. त्यामुळे प्राणजीवनभाई इतकी वर्षं सोफ्यासमोर घडीची लोखंडी खुर्ची टाकून बसत आणि सोफ्याकडे बघत.

मग गुडघे गेले. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाले, "कडक खुर्ची बंद करा, भाई. मऊ, ऐसपैस बैठक हवी. घरी सोफा आहे ना?"

"आहे," प्राणजीवनभाई म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "म्हणजे, असावा."

वसुमतीबेननी डॉक्टरांचं म्हणणं फार मनावर घेतलं. त्यांनी लोखंडी खुर्चीवर एक उशी ठेवली आणि उशीला अभ्रा घातला.

अशात वर्तमानपत्रात एका रंगाच्या दुकानाची जाहिरात आली. घरातील विद्यमान सजावटीला शोभेल असाच रंग निवडा, आमचे रंगसल्लागार आपल्या दारी येतील. 'विद्यमान सजावट' हे दोन शब्द वाचून प्राणजीवनभाईंना एकदम हुशारी आली. सजावटीला शोभणारा रंग निवडायचा तर सजावट दिसली पाहिजे. दिसायची तर खोळ काढली पाहिजे. आणि खोळ एकदा निघाली की आपण बसकण मारायची. असले गुडघे घेऊन बसलेल्या माणसाला उठवणार कोण? हा बेत त्यांनी कोणाला म्हणून सांगितला नाही.

रंगसल्लागार ध्रुमिल गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब घेऊन आला. त्याने रंगांचा पंखा उघडला. त्यात रंग होते, पण एकाचंही नाव रंगाचं नव्हतं.

"हा कुठला?" प्राणजीवनभाईंनी एका पट्टीवर बोट ठेवलं.

"तो 'दूरची आठवण', काका."

"अरे, हा तर पिवळा आहे."

"पिवळा आता येत नाही, काका. बंद झाला."

मग त्याने खोलीला एक गंभीर फेरी मारली आणि सोफ्यापुढे थांबला. "आमच्या पद्धतीत आधी प्रधान वस्तू ठरते. तुमची प्रधान वस्तू हा सोफा. याचा मूळ रंग काय?"

नवरा-बायको दोघंही वरच्या चादरीकडे बघू लागले.

"मोरपंखी," वसुमतीबेन म्हणाल्या.

"मोरपंखी कुठला? चॉकलेटी ना?" प्राणजीवनभाईंना खरंच आठवत नव्हतं. बडोद्याला फोन लावला तर तेजल म्हणाली की लाल होता, तिला पक्कं आठवतं. जावई मागून ओरडले की त्यांना फक्त चटणी आठवते.

"एवढा वाद कशाला? काढूनच बघू या की," प्राणजीवनभाई शक्य तितक्या भोळ्या चेहऱ्याने म्हणाले.

"काढून?" वसुमतीबेनचा आवाज चढला. "भिंती खरवडायला माणसं दारात उभी आहेत आणि आता खोळ काढू? शोभतं का हे बोलणं? भिंती रंगून, पुसून, लख्ख होऊ देत. मग बघू."

"पण काकी, मूळ रंग कळल्याशिवाय भिंतीचा रंग देता येत नाही," ध्रुमिल म्हणाला.

"आणि भिंतीला रंग लागल्याशिवाय खोळ निघणार नाही."

दोघंही आपापल्या जागी अगदी बरोबर होते. त्यामुळे काम थांबलं. मात्र खरवडणाऱ्यांना कोणी थांबवलं नाही, ते खरवडत राहिले. घरभर धुरळा उडाला. धुरळ्याने चादर खराब होईल म्हणून रंगाऱ्यांनी सोफ्यावर एक जाड प्लास्टिक ताणून बांधलं आणि मग भिंतींना पुट्टी लावायला घेतली. लोखंडी खुर्ची 'सजावटीशी विसंगत' असा शेरा मारून ध्रुमिलने माळ्यावर पाठवली. प्राणजीवनभाई आता स्वयंपाकघरात शेंगतेलाच्या रिकाम्या डब्यावर बसू लागले. डबा बुटका, त्यामुळे उठताना फडताळाला धरावं लागे. आपण हे काय करून बसलो, असं त्यांना रोज उठताना वाटे आणि बसताना तर जास्तच वाटे.

शेवटी त्यांनीच ध्रुमिलला गाठलं. "पोरा, काहीतरी तोड काढ. तुझ्या साहेबांना विचार."

साहेबांचा निर्णय फोनवरून आला. ध्रुमिलने तो उभं राहून ऐकला. "साहेब म्हणतात, विद्यमान म्हणजे जे डोळ्यांना दिसतं ते. जे दिसत नाही ते नियमाच्या दृष्टीने घरात नाही."

"सोफा नाही?"

"नाही, काका. खोळसुद्धा नाही. दोन्ही चादरी पण नाहीत. सगळ्यात वरचा थर धरायचा."

सगळ्यात वर प्लास्टिक होतं. ध्रुमिलने टॅब प्लास्टिकसमोर धरला, टॅब थोडा वेळ गरगरला आणि उत्तर आलं: 'निवांत धुकं'. प्लास्टिकवर पुट्टीचे शिंतोडे उडाले होते, ते सजावटीचा भाग आहेत की अपघात, असा प्रश्न पुन्हा साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, दिसतायत ना, मग सजावटच. म्हणून भिंतींवर 'निवांत धुकं' आणि त्यावर पांढरे शिंतोडे, असा खास नमुना रंगाऱ्यांनी चार दिवस खपून उमटवला. आयुष्यभर शिंतोडे उडू नयेत म्हणून जपणारी ती माणसं, शिंतोडे एकसारखे उडवता उडवता अगदी मेटाकुटीला आली.

आणि गंमत म्हणजे खोली खरोखरच जमून आली. शेजारच्या इलाबेन बघायला आल्या, त्या दारातच थबकल्या. "अगं बाई वसुमती, कुठे भिंत संपते आणि कुठे सोफा सुरू होतो, कळतच नाही!"

वसुमतीबेनच्या डोळ्यांत पाणी आलं. असं कौतुक त्यांच्या वाट्याला फार वर्षांनी आलं होतं.

"आता काढू या ना प्लास्टिक?" प्राणजीवनभाईंनी हळूच विचारलं.

"वेडे की काय तुम्ही? ते काढलं तर भिंतीला शोभेल कोण?"

त्या रात्री प्राणजीवनभाई जेवले नाहीत. पोट दुखतंय म्हणाले. खरं म्हणजे त्यांना भयंकर राग आला होता आणि तो कोणावर काढावा हेच कळत नव्हतं, कारण सगळं त्यांनीच सुरू केलं होतं.

दुसऱ्या दिवशी वसुमतीबेन इलाबेनना घेऊन हवेलीत दर्शनाला गेल्या. दार लागलं, जिन्यातली बडबड विरली, आणि प्राणजीवनभाई उठले. आधी प्लास्टिक. मग साधी चादर, मग भरतकामाची. खोळीच्या नाड्यांच्या गाठी इतक्या जुन्या झाल्या होत्या की त्या सुटेनात. त्यांनी सुरी आणली. कापताना तोंडाने "श्रीजी, श्रीजी" चाललं होतं. खोळीखाली कारखान्याचं प्लास्टिक निघालं, तेही त्यांनी टराटरा फाडलं.

सोफा बदामी होता. मोरपंखी नाही, चॉकलेटी नाही, लाल तर नाहीच. नवाकोरा, साधा, बदामी. किती छान रंग होता! त्यांनी हात फिरवून पाहिला. मग लग्नाच्या बोहल्यावर बसताना सावरून घेतलं होतं तसं धोतर सावरून घेतलं आणि ते बसले.

सोफ्याने त्यांना आत घेतलं. जरा जास्तच घेतलं. इतकी वर्षं वारा न लागलेल्या फोमचा आत भुगा झाला होता. तो कुरकुरत खाली गेला, पाठोपाठ प्राणजीवनभाई गेले आणि थेट फळीवर जाऊन टेकले. गुडघे छातीशी आले. धरायला काही नव्हतं. बदामी कापडातून पिवळी भुकटी उडाली आणि 'निवांत धुक्या'वर जाऊन बसली. त्या खड्ड्यात बसल्या बसल्या त्यांना रडू आलं. एक दिवस, निदान एक दिवस, वेळेवर बसायला मिळायला हवं होतं.

वसुमतीबेन परतल्या त्या प्रसादाचा द्रोण हातात घेऊन. नवऱ्याकडे त्यांचं लक्ष नंतर गेलं. आधी त्या म्हणाल्या, "अय्या, बदामी!" मग खाली वाकून भुगा चिमटीत घेतला आणि बोटांवर चोळून पाहिला.

"तू तरी बसायचंस कधीतरी," प्राणजीवनभाई म्हणाले.

"मी कशी बसणार? घरचीच ना मी," त्या म्हणाल्या. मग इलाबेननी एक बगल धरली, त्यांनी दुसरी धरली आणि प्राणजीवनभाईंना बाहेर काढलं.

ध्रुमिलला बोलावणं गेलं. त्याने टॅब सोफ्यासमोर धरला आणि मान हलवली. "बदामी या भिंतींना चालत नाही, काका."

"मग भिंती बदल!"

"भिंतींना आठ वर्षांची हमी आहे. आता विद्यमान सजावट म्हणजे भिंती. सोफा त्यांना शोभेलसा घ्यावा लागेल."

म्हणून नवा सोफा आला. 'निवांत धुकं' रंगाचा, अंगभर पांढरे ठिपके असलेला, कारखान्याच्या जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. हमालांनी तो जागेवर लावला. प्राणजीवनभाई काठी टेकत आले आणि प्लास्टिकच्या टोकाला त्यांनी हात घातला.

"अहो, हे काय!" वसुमतीबेननी त्यांचा हात मायेने बाजूला केला. "एवढी घाई कसली? आधी गुडघे नीट बरे होऊ देत. मग बसा की निवांत."

तुम्ही हसलात ना? हसा, खुशाल हसा. फक्त हे वाचता वाचता ज्याच्यावर बसला आहात, त्याच्यावरून एकदा हात फिरवून बघा. आणि मग खरं सांगा, खाली कोणता रंग आहे?