चाललंय म्हणायचं नाही

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये दामूआप्पा राऊत भेटले की तुमची पाच-सात मिनिटं गेलीच म्हणून समजा. आपला मजला आला, आपण बाहेर पडलो, की आप्पा उजवा पाय चपलेसकट लिफ्टच्या दारात ठेवणार आणि विचारणार, "सुखात आहात ना?"

आपण म्हणणार, "चाललंय."

"कुठे चाललंय?"

आता काय सांगायचं? हातात भाजीची पिशवी, लिफ्ट पीं पीं करतेय, खालून कोणीतरी दार बडवतंय. आप्पांचा पाय हलत नाही. "चाललंय हे काय उत्तर झालं? चालतो तो बैल. मी विचारतोय, तुम्ही सुखात आहात का."

पहिल्यांदा माझ्यावर ही वेळ आली तेव्हा आप्पा गच्चीवर निघाले होते. मी भडकले. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं मी. प्रश्न विचारायचे ते मी, उत्तरं द्यायची ती समोरच्याने, ही सवय. म्हटलं, "आप्पा, पाय काढा, दूध नासेल." त्यांनी लगेच पाय काढला आणि अगदी वाईट वाटल्यासारखं म्हणाले, "म्हणजे नाही." दार बंद झालं. मी संध्याकाळभर धुमसत होते. हा कोण टिकोजीराव मला नापास करणारा? मग कणीक मळता मळता मनात आलं, खरंच, आहोत का आपण सुखात? त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ पडलं. आमचे हे ताक ओतून जेवले. यांनाही आप्पांनी एकदा तोच प्रश्न विचारला होता. हे म्हणाले, "हिला विचारा."

आप्पा मूळचे नंदाखालचे. केळी, नारळ, पानवेली, दारात बावखल, म्हणजे आमच्या वसईकडे वाडीत असतं ते तळं. सत्तरी होईपर्यंत माणूस वाडीबाहेर राहिला नव्हता. मग इकडे शहरात, रुळांच्या पूर्वेला आचोळ्याला, मुलगा आणि सून दोघं नोकरीला, त्यात नात झाली. तिला सांभाळायला कोणीतरी हवं. सगळ्यांनी गृहीत धरलं की आजी येणार. आजी म्हणजे शेवंतीकाकू. त्या म्हणाल्या, "गाईची धार कोण काढणार? केळीला पाणी कोण सोडणार? तुम्ही जा." आणि खरंच, जन्मात कधी स्वतःचं ताट न उचललेला हा माणूस ट्रंक घेऊन सहाव्या मजल्यावर, आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये, हजर झाला. नातीला लंगोट बांधायला मीच शिकवलं त्यांना. सुरुवातीला ते केळीचा घड बाजाराला पाठवायचा असल्यासारखं तिला करकचून बांधायचे. पण महिन्याभरात हात बसला. पोरगी आईकडे रडायची आणि आप्पांकडे गप्प बसायची.

रविवारी मुलगा-सून घरी असत, म्हणून आप्पा सकाळच्या बसने नंदाखालला जात आणि संध्याकाळी परत येत. काकू मात्र रेल्वेच्या या बाजूला एकदाही आल्या नव्हत्या. नात बघायची झाली की मुलगा तिला तिकडे घेऊन जायचा.

लिफ्टमधल्या त्या पायाचं गुपित मला गच्चीवर कळलं. आप्पा मिरच्या वाळत घालत होते. मी सरळ विचारलं, "आप्पा, लोकांच्या सुखाची एवढी काय पडलीय तुम्हाला?"

"मला नाही, हिला पडलीय," आप्पा म्हणाले. "मी निघालो तेव्हा हिने अट घातली. म्हणाली, शहरातली माणसं सुखी असतात का, ते आधी नीट बघून या. असली तर गाय माझ्या भावाकडे बांधते नि मी पण येते. नसली तर उगाच दोघांनी कशाला मरायचं तिथे?"

"मग? किती निघाली सुखी?"

"तोच तर हिशोब लागत नाही ना," आप्पा म्हणाले आणि एक मिरची उगाचच तीनदा उलटी केली.

म्हणजे हा माणूस दर रविवारी बायकोपुढे आमच्या बिल्डिंगचा निकाल सांगायला जात होता. मला आधी हसू आलं आणि मग आलं नाही. काकूंनी यावं म्हणून त्यांना निदान चार माणसं सुखी सापडायला हवी होती. आणि आम्ही सगळे मेले चाललंय, चाललंय करत होतो. बरं, खोटं सांगणं त्यांच्या रक्तात नाही. एकदा म्हणे काकूंना पटवायला त्यांनी वेगळीच युक्ती काढली. "अगं, आपलं नंदाखाल पण आता शहरच की. वेशीवर महानगरपालिकेची पाटी आहे. मग तू पण शहरवालीच." काकू म्हणाल्या, "पाटी त्यांची आहे. बावखल माझं आहे."

आप्पांची पारख पक्की होती. दुसऱ्या मजल्यावरचे मिश्राजी मोठ्याने म्हणायचे, "हम तो एकदम सुखी, आप्पा!" आप्पा हसून मान डोलवायचे आणि दार लागलं की माझ्या कानाशी पुटपुटायचे, "पावडरीचं आहे हो." केळी पेंढ्यात घालून सावकाश पिकवली तर आतपर्यंत पिकतात. पावडर मारली तर रात्रीत पिवळीधमक होतात, पण सोलली की आत दडदडीत कच्ची. सेक्रेटरी शिंदे म्हणाले, "सुखी आहे, फक्त ते पार्किंग," आणि पुढे वीस मिनिटं पार्किंग. शेरा, "अर्धाकच्चा." तळमजल्यावरच्या डिसोझाबाई तेवढ्या म्हणायच्या, "आज आहे. उद्या परत विचार." आप्पा दुसऱ्या दिवशी जाऊन परत विचारायचे.

गच्चीवर आम्ही दोघं बरेचदा पश्चिमेकडे तोंड करून उभे राहायचो. रुळांच्या पलीकडे, इमारतींच्या फटीतून, माडांचे शेंडे दिसतात. आप्पा सांगायचे, "आमच्याकडे असं कोणी विचारत नव्हतं हो, सुखात आहात का म्हणून. गरजच नव्हती. सकाळी शेजाऱ्याचा रहाट कुरकुरला नाही की आपण बघायला जायचं, बरंय ना याचं. चुलीचा धूर दिसला नाही की शेजारीण कालवणाची वाटी घेऊन कुंपणापाशी उभी. इथे कसा कळणार धूर? म्हणून तोंडाने विचारावं लागतं."

मी वसईतल्या पापडीची. आमच्या घरामागे चिकूची झाडं होती आणि पलीकडे चर्च. दुपारची बाराची घंटा झाली की आई भात उतरवायची. आम्ही हिंदू, पण आमच्या भाताची वेळ चर्च ठरवायचं. कधी घंटेला उशीर झाला तर भात करपायचा आणि आई फादरच्या नावाने बोटं मोडायची. त्या जागेवर आज चार मजले उभे आहेत. भावांनी विचारलं तेव्हा मीच सही केली होती. अजून बारा वाजले की हात आपोआप कुकरकडे जातो. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आप्पांना सांगितलं.

"पण आप्पा," मी म्हटलं, "तिथे तरी कुठे सुख सांडत होतं? पाणी शेंदून शेंदून आईची पाठ वाकली."

"वाकली ना," आप्पा म्हणाले. "माझी पण वाकलीय. पण पाठीला तेल लावणारं माणूस घरात होतं."

तेवढं एक मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दिवाळी झाली आणि काकूंचा फोन आला. राजेळी, म्हणजे उन्हात वाळवून सुकेळी करतात त्या केळ्यांचा घड तयार आहे, या शनिवारी स्वतः घेऊन येते, नातीला बघते, "तुमची सुखी माणसं" पण बघते आणि पाचच्या बसने परत जाते. झालं. आप्पांच्या अंगात आलं. सातही मजले पायी फिरले. "शनिवारी ही येतेय. कृपा करा, चाललंय म्हणायचं नाही." शिंद्यांना हात जोडले की पार्किंगचं नाव काढू नका. मिश्राजींकडून तर चक्क पाठ करून घेतलं. मी म्हटलं, "आप्पा, ही पावडर नाही का?" तर माझ्याकडे बघेचनात. खोटं न बोलणारा माणूस, पण त्या आठवड्यात मुद्दाम खोटं पेरत होता. एवढी घाई झाली होती त्यांना.

शनिवारी काकू रिक्षातून उतरल्या. ठेंगणी, काटक बाई. हिरवं पातळ, अंबाड्यात सोनचाफा. घडाचं पोतं आप्पांनी घेतलं. फाटकातच शिंदे पुढे झाले, "नमस्कार काकू, आम्ही सगळे अगदी सुखी आहोत." काकूंनी अजून काही विचारलंही नव्हतं. जिन्यापाशी मिश्राजी कोर्टात शपथ घेतल्यासारखे उभे, "आमी सुकी आहे." काकू म्हणाल्या, "सुकी? मग केळ्यांबरोबर तुम्हाला पण घालते उन्हात." डिसोझाबाई खुर्चीतून ओरडल्या, "मी आज नाही हां. गुडघा ठणकतोय." काकू त्यांच्याजवळ जाऊन गुडघा दाबून बघून आल्या. मग आप्पांकडे वळल्या. "हिला सोडून बाकीच्यांना पावडर कोणी मारली?"

आप्पांचा चेहरा एवढासा झाला.

लिफ्टमध्ये आम्ही तिघंच. सहावा मजला आला. पोतं घेऊन आप्पा आधी बाहेर पडले, मागोमाग मी. काकू आतच राहिल्या. आणि त्यांनी आपला पाय लिफ्टच्या दारात ठेवला.

"आणि तुम्ही?" त्यांनी विचारलं.

विचारलं ते त्यांच्या घरच्या बोलीत. आप्पा आम्हा सगळ्यांशी पुस्तकी मराठी बोलायचे. ही बोली त्यांच्या तोंडून मी फक्त फोनवर ऐकली होती.

"मी काय," आप्पा म्हणाले, "दर रविवारी बघतेस की मला."

"रविवारी तुम्ही सुखातच असता. ते दिसतं मला. बाकीचे सहा दिवस विचारते."

लिफ्ट पीं पीं करायला लागली. आप्पांनी पोत्याकडे बघितलं. मजल्यावरच्या चार बंद दारांकडे बघितलं. मग माझ्याकडे, शाळेत उत्तर न येणारी पोरं बघतात तसं. आणि म्हणाले, "चाललंय."

बोलून गेले आणि मग त्यांनाच ते ऐकू आलं. पोतं हळूच खाली ठेवलं. कुठे चाललंय, असं काकूंनी विचारलं नाही. मग पाय काढला, बाहेर आल्या आणि पोत्याचं एक टोक स्वतः धरलं. मी माझ्या दाराला किल्ली लावायचं नाटक करत होते. खरं सांगते, कुलूप दिसत नव्हतं मला.

चार वाजता काकू माझ्याकडे आल्या. म्हटलं निरोप घ्यायला आल्या असतील. तर विचारतात, "गच्चीची किल्ली कोणाकडे असते? ऊन कुठवर टिकतं तिथे?"

"कशाला हो?"

"सुकेळी घालायचीत. पिकायला पाच दिवस, सुकायला आठ. ह्यांना नाही जमायचं. हे उलटताना मोडतात."

आप्पांच्या हातची न मोडलेली, मधासारखी सुकेळी मी मागच्या वर्षी डबाभर खाल्ली होती. काकूंना ते माहीत होतं. मी तसं बोलले नाही.

"आणि गाय?"

"भावाला फोन केला मघाशी."

"पण काकू," माझ्यातली बाई काही स्वस्थ बसेना, "तुमची अट वेगळी होती ना? माणसं सुखी असली तर येणार होतात."

"हे सुखी असते तर मी पाचची बस गाठली असती," काकू म्हणाल्या आणि किल्ली घेऊन गेल्या.

सहाव्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन लिफ्टमध्ये शिरले. आत दोघं होती, गच्चीवर निघालेली पण लिफ्टबरोबर आधी खाली आलेली. आप्पांच्या काखेत चटया, काकूंच्या हातात सोललेल्या केळ्यांनी भरलेलं सूप. दोघांचं आपल्या बोलीत काहीतरी कडाकडा भांडण चाललं होतं. आप्पा मला कसले विचारतात, त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. सहावा मजला आला. मी बाहेर पडले आणि आपला पाय दारात ठेवला.

"काय आप्पा, सुखात ना?"

आप्पांनी तोंड उघडलं, पण बोलल्या काकूच.

"बाई, पाय काढा. ऊन जाईल."