शंभर किलोमीटर वरचे म्हात्रेकाका

पेणला आमच्या शेजारी राहणाऱ्या म्हात्रेकाकांना "आज हवा कशी?" असं चुकूनही विचारू नये. ते शंभर किलोमीटर वरची सांगत. "दुपार झाली, म्हणजे वर प्लाझ्मा पश्चिमेला वाहतोय." एकदा त्यांच्या मिठागरवाल्या चुलतभावाने वारा विचारला आणि हे ऐकून कपाळाला हात लावला. "अरं, मीठ खाली हाय, वर नाय."

काका दक्षिणेत एका रडार केंद्रावर तंत्रज्ञ होते. आकाशात रेडिओलहरी सोडायच्या, वरच्या विजेने भारलेल्या वायूवर, म्हणजे त्या प्लाझ्मावर, आपटून परतल्या की त्याचा वेग काढायचा. निवृत्त झाले ते कागदोपत्रीच. पाववाला असो की जावई, सगळ्यांना एकच पाठ: "एका रडारला जवळ येतंय का लांब जातंय एवढंच कळतं. आडवं गेलेलं शून्य दिसतं. त्याला दुसऱ्या बाजूने बघणारं दुसरं रडार लागतं."

रोह्याच्या पुढे कोकण रेल्वेचं काम चालू होतं, त्या वर्षी काकू रोह्याला बहिणीकडे गेल्या त्या तिकडेच राहिल्या. काका दाढी करेनासे झाले. मी रोह्याच्या एका कंपनीत कामाला, म्हणून दुसरं रडार म्हणून माझी नेमणूक झाली.

"तू तिकडून बघ. ती येणार का नाय, तेवढं सांग."

शिफ्ट सुटल्यावर गेलो. काकू पापड वाळत घालत होत्या.

"दिवसभर त्यांच्या समोरून या टोकाची त्या टोकाला जाते मी," त्या म्हणाल्या. "चहा, धुणं, औषध. कधी म्हणाले का, बस गो जरा? स्वतः न्यायला आले तर येईन. नायतर नाय."

मी जसंच्या तसं सांगितलं. काकांनी वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला.

"आडवी जात होती रे," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर रोह्याच्या गाडीत बसले. कासू स्टेशन येईपर्यंत भाषण पाठ करून झालं, त्यात प्लाझ्मा दोनदा होता. पण दारात काकू दिसल्या आणि सगळं विसरले.

"घरात करमत नाय गो," म्हणाले.

काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बटणं वरखाली लावलीत," म्हणाल्या, आणि बहीण, मेहुणे, मी, सगळ्यांच्या समोर एकेक बटण काढून पुन्हा नीट लावायला लागल्या. काका हात खाली सोडून लहान मुलासारखे उभे होते.