नऊ गुलाबांचा ठावठिकाणा

छप्पन्न हिवाळ्यांत मी एकही गुलाब गमावलेला नाही. हे वाक्य मी चर्चच्या महिला मंडळात, तालुक्याच्या पुष्पप्रदर्शनात आणि एकदा शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल चढत असतानाही उच्चारलेले आहे, आणि त्याला कोणीही हरकत घेतलेली नाही.

ज्यांचा हिवाळा एका शालीत भागतो, त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. आमच्या मिनेसोटात, अमेरिकेच्या उत्तर सीमेवर, गुलाब उभा ठेवला तर जानेवारीत मरतो. म्हणून ऑक्टोबरच्या मध्यावर त्याच्या फांद्या सुतळीने बांधाव्या, एका अंगाची मुळे मोकळी करावी, शेजारी त्याच्या उंचीचा चर खणावा आणि त्यात त्याला सावकाश आडवे निजवून वर माती व पालापाचोळा घालावा. एप्रिल लागला की माती दूर करून त्याला पुन्हा उभे करावे. उशीर झाला तर कोंब मातीतच फुटतात आणि कुजतात. इतर लोक झाड पुरले त्या जागी खुंट्या ठोकतात, खुंट्यांना चिंध्या बांधतात, वहीत नकाशे काढतात. मी यातले काही करत नाही. ज्या बाईला आपले गुलाब कुठे निजवले हे आठवत नाही, तिने कागदाची फुले लावावीत, असे माझे मत आहे आणि ते मी मागितल्याशिवायही देते.

माझे नाव बॉर्गहिल्ड टोलेफसन. वय ब्याऐंशी. चाळीस वर्षे मी रविवारच्या शाळेत मुलांना दहा आज्ञा शिकवल्या. आज या गावात जी माणसे सरळ चालतात, त्यांतली बरीचशी माझ्या धाकाने चालतात.

फेब्रुवारीत माझा मुलगा ड्वेन एक गुळगुळीत पुस्तिका घेऊन आला. रॉचेस्टर शहरात वृद्धांसाठी सदनिका होत्या. लिफ्ट होती, एकत्र जेवण होते, आणि बागेची आवड असणाऱ्यांसाठी प्रत्येक खिडकीत एक कुंडी होती.

"आई, नुसतं बघ तरी."

"बघितलं."

"अजून उघडलंही नाहीस."

"वरच्या चित्रात दोन म्हातारे काही कारण नसताना हसतायत. त्यावरून आतलं कळलं."

ड्वेनने सुस्कारा टाकला. तो सत्तावन्न वर्षांचा आहे, पण सुस्कारा अजून सातव्या वर्षीचाच टाकतो. "आई, तू विसरायला लागलीयस. परवा कॉफी दोनदा उकळत ठेवलीस."

"मला दोनदा कॉफी हवी होती."

"आणि मला दोनदा फोन करून तेच सांगितलंस."

"पहिल्यांदा तू ऐकत नव्हतास."

त्याची बायको मार्लिस चष्म्यावरून आमच्याकडे पाहत बसली होती. ती शाळेत ग्रंथपाल आहे. बोलत नाही, नोंद ठेवते. एकतीस वर्षांच्या सहवासात मला तिच्याविषयी एवढेच कळले होते, आणि अधिक कळून घेण्याची गरज वाटली नव्हती.

शेवटी अट मीच घातली. एप्रिलमध्ये गुलाब उठवताना जागा मी दाखवायची, फावडे ड्वेनने मारायचे. नऊच्या नऊ झाडे मी बोट ठेवीन तिथे निघाली, तर वर्षभर रॉचेस्टरचे नाव काढायचे नाही. एकाही झाडाची जागा मी चुकले, तर मी स्वतः बोचके बांधून त्या लिफ्टमध्ये बसेन.

"ठरलं?" ड्वेनने विचारले.

"ठरलं."

"मी ऐकलंय," मार्लिस म्हणाली.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी दोघे आले. ड्वेनने कंबरेला पट्टा आवळला होता. मार्लिसने थर्मासमधून कॉफी आणली होती. कुंपणापलीकडे माझा शेजारी ऑर्विल गुंडरसन टोपी सारखी करत उभा होता. ऑर्विल विधुर आहे, फक्त बटाटे लावतो, आणि स्वभावाने इतका मवाळ की स्वतःच्या कुत्र्यालाही आज्ञा करताना 'तुला जमत असेल तर' असे म्हणतो.

मी दिव्याच्या खांबाला पाठ लावली, उत्तरेकडे चार पावले मोजली आणि काठी टेकली. "इथे. पिवळा."

ड्वेनने माती काढली. पिवळा नव्हता.

"खोल."

त्याने आणखी खणले. त्या खड्ड्यात उभा राहिल्यावर त्याचे गुडघे दिसेनासे झाले, तरी पिवळा नव्हता.

"राहू दे. पुढचा घे. पायरीच्या सरळ रेषेत, दोन हात. लाल."

लाल नव्हता. तिसऱ्या जागी एक जुना चमचा निघाला. चौथ्या जागी काहीच निघाले नाही, आणि ते इतके स्वच्छ काहीच होते की एखादे गांडूळ निघाले असते तरी मी त्याचे आभार मानले असते.

"माती यंदा छान सुटलीय," कुंपणावरून ऑर्विल म्हणाला.

"ऑर्विल, आम्ही कामात आहोत."

"हो, हो. चालू द्या तुमचं." मग तो कुंपणावरून वाकला. "बरंच खोल गेलात."

"तुला काही म्हणायचंय का?"

"छे. मी कोण म्हणणारा?"

सहाव्या खड्ड्यानंतर माझा वाफा एखादी पलटण मुक्काम करून गेल्यासारखा दिसू लागला. ड्वेनने फावडे मातीत रोवले आणि हातमोजे काढले. मी त्याच्या रागाची तयारी केली होती. रागाला कसे उत्तर द्यायचे ते मला येते. पण तो रागावला नाही. इस्पितळात आजाऱ्याला भेटायला गेल्यावर माणसे जो चेहरा करतात, तो चेहरा करून तो माझ्यापाशी आला आणि त्याने माझा हात हातात घेतला.

"आई, राहू दे. दमली असशील. कोणाचाच दोष नाही यात."

त्या क्षणी मला स्वयंपाकघराची खिडकी दिसली. नवरा गेला त्या सकाळी मी तिथेच उभी होते. त्या खिडकीच्या जागी मला लिफ्टचे दार दिसू लागले, आणि आत ते दोन म्हातारे हसत होते. वाचकहो, 'खोटी साक्ष देऊ नकोस' ही जी आज्ञा मी चाळीस वर्षे मुलांकडून घोकून घेतली, ती मी एका श्वासात मोडली.

"हं," मी म्हणाले, "आता आठवलं. इथे नाहीतच ते. ऑक्टोबरच्या अखेरीस मी ते इथून काढले आणि गॅरेजच्या मागे निजवले."

ड्वेनने माझ्याकडे पाहिले. "गॅरेजच्या मागे?"

"इथे पाणी साठायला लागलं होतं. मंगळवार होता. मी निळा स्वेटर घातला होता. बाहीला काटा लागून धागा निघाला, तो मी लगेच शिवून टाकला."

खोटे बोलणाऱ्याने थोडक्यात बोलावे, हे मला त्या वयापर्यंत कोणी शिकवले नव्हते. ड्वेनचा चेहरा उजळला. त्याने फावडे खांद्यावर घेतले आणि आम्ही गॅरेजमागे गेलो. तिथे मी तेवढ्याच रुबाबात काठी टेकली. ड्वेनच्या फावड्याला पहिल्या घावात कपडे वाळत घालायच्या जुन्या खांबाचे काँक्रीट लागले आणि दुसऱ्या घावात त्याच्या कंबरेतून एक आवाज आला. तो खड्ड्याच्या कडेवर बसला. मार्लिसने त्याला कॉफी दिली.

तेव्हा फाटक वाजले. टोपी हातात घेऊन ऑर्विल आत आला. सत्तावीस वर्षांच्या शेजारात तो कधीही न विचारता आत आला नव्हता.

"बॉर्गहिल्डबाई, तुम्ही नोव्हेंबरात फार्गोला गेला होतात."

"बहिणीच्या कंबरेचं हाड मोडलं होतं. पंधरा दिवस होते तिथे. त्याचं काय?"

"थंडी होती तेव्हा."

"नोव्हेंबर होता, ऑर्विल."

"हो. तेही खरं." त्याने टोपी एकदा उलट्या दिशेने फिरवली. "तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी पाण्याची नळी फुटली. तुमच्या वाफ्याखालची. दुरुस्तीवाले यंत्र घेऊन आले. मी म्हटलं, अर्धा तास थांबता का, तुम्हाला जमत असेल तर. थांबले ते. मग मी गुलाब काढले. नऊही. हातगाडीच्या चार फेऱ्या झाल्या."

"कुठे नेलेस?"

"माझ्या बटाट्याच्या वाफ्यात."

हिवाळाभर ऑर्विलच्या वाफ्यावर कमरेइतका पाला पाहून मी महिला मंडळात हसत होते. बटाट्यांना रजई घालणारा माणूस, असे म्हणत होते.

"तुम्ही यायच्या आत परत ठेवणार होतो," तो म्हणाला. "पण बर्फ पडला. जमीन दगडासारखी झाली."

"आणि त्यानंतरचे चार महिने?"

"सांगायला आलो होतो. सात वेळा."

ते खरे होते. तो सात वेळा आला होता, प्रत्येक वेळी दोन कप कॉफी प्यायला होता, कॅनडाकडून येणाऱ्या वाऱ्याविषयी बोलला होता आणि आभार मानून गेला होता.

"तुमच्या गुलाबांना दुसऱ्याचा हात लागलेला तुम्हाला चालत नाही," ऑर्विल खाली पाहत म्हणाला. "विषय काढावा कसा, ते कळेना. आज म्हटलं, सातव्या खड्ड्यापर्यंत वाट बघू."

माझ्या छातीवरून धोंडा उतरला. मी काठी जमिनीवर आपटली. "ऐकलंस, ड्वेन? खांबापासून चार पावलं. पायरीपासून दोन हात. एकूण एक जागा बरोबर होती. आता त्या पुस्तिकेने शेगडी पेटव."

"हो, आई," ड्वेन सावकाश म्हणाला. "ते तिथेच होते."

"मग?"

"मग गॅरेजच्या मागे कधी पुरलेस?"

मी काठीच्या टोकाने माती सारखी करू लागले.

"मंगळवारी," तो म्हणाला. "निळा स्वेटर घालून."

न घडलेली गोष्ट तपशिलासह आठवणे हे विसरण्यापेक्षा वाईट असते, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसले. माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. एक तर माझे डोके गेले होते, किंवा मी मुलाच्या तोंडावर खोटे बोलले होते. पहिल्या वाटेच्या टोकाला लिफ्ट होती. मी ताठ उभी राहिले आणि आयुष्यात प्रथमच दुसरी वाट धरली.

"ड्वेन, मी खोटं बोलले. घाबरले होते."

त्याने पुन्हा माझा हात धरला. "आई, तू खोटं बोलत नाहीस."

"आत्ताच बोलले."

"मी चर्चची काच फोडली, तेव्हा कानाला धरून तूच मला पाद्रीबाबांकडे नेलंस. तुझ्या तोंडून खोटं निघालेलं गावात कोणी ऐकलं नाहीये. तू आता हे झाकायला म्हणून सांगतेयस."

"म्हणजे मी खोटं बोलले, हे मी खोटंच सांगतेय?"

"हो."

"मग मी खोटं बोलते, हे सिद्ध झालं."

"बघ," तो ऑर्विलकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर म्हणाले होते, बोलण्यात असा गोंधळ व्हायला लागतो."

चाळीस वर्षे जपलेली अब्रू अशी माझ्यावरच उलटली. मी तोंड उघडले, पण जे काही बोलेन ते लक्षणांतच जमा होणार होते. म्हणून मिटले.

"ड्वेन," मार्लिस म्हणाली, "त्या खोटं बोलतात."

तिने थर्मासचे झाकण लावले आणि चष्मा वर सरकवला.

"मी विणलेली टोपी हरवली म्हणून सांगितलं. तळघरात रंगाच्या डब्यावर झाकण म्हणून आहे ती. पाद्रीबाबांच्या बायकोचा फोन आला की यांना ताप येतो, आणि फोन ठेवला की कात्री घेऊन बागेत. आपल्या लग्नाच्या फोटोत डोळे मिटलेत. म्हणाल्या, डोळ्यांवर ऊन येत होतं. फोटो चर्चच्या आत काढलाय."

"मार्लिस," मी म्हणाले.

"आणि बटाट्याच्या पोळीची कृती. तुमच्या आजेसासूची म्हणून लग्नात दिलीत. त्यात साय लिहिलीच नाही. एकतीस वर्षं माझी पोळी चपलेसारखी होतेय, आणि दर नाताळला तुम्ही म्हणता, 'हात बसायला वेळ लागतो, बाळ.'"

ऑर्विल आकाशाकडे पाहू लागला. ड्वेन खड्ड्याच्या कडेवरून उठला. गुलाब, स्वेटर, रॉचेस्टर यांतले काहीही त्याच्या चेहऱ्यावर उरले नव्हते.

"आई," तो म्हणाला, "साय असते त्यात?"

"थोडीशीच."

तो पुन्हा खड्ड्याच्या कडेवर बसला. मग मार्लिसच शांतपणे म्हणाली, "यांना सगळं आठवतं, ड्वेन. कोणाला काय सांगितलं आणि कोणापासून काय लपवलं, सगळं. डोकं धडधाकट असल्याशिवाय एकतीस वर्षं असं निभत नाही. ह्या कुठेही जायच्या नाहीत."

अशा प्रकारे माझे घर राहिले. दुपारपर्यंत ऑर्विलने पाला दूर केला. नऊही गुलाब जिवंत होते आणि त्यांच्या फांद्यांवर तांबूस डोळे फुटले होते. ऑर्विलने ते एकेक करून हातगाडीतून आणले, आणि प्रत्येक वेळी हात लावण्यापूर्वी माझी परवानगी विचारली. जेवणाआधी मी टेबलाशी बसून पोळीची कृती सायीसकट लिहून दिली. मार्लिसने ती दोनदा वाचली, 'आणखी काही?' असे विचारले, आणि मी जायफळ वाढवले.

नंतर झाडे लावायला घेतली. मी माझ्या जागी उभी राहिले, काठी टेकली आणि म्हणाले, "पिवळा इथे. कलमाचा सांधा मातीच्या दोन बोटं खाली."

ड्वेनने फावडे उचलले, पण मारले नाही. त्याने मार्लिसकडे पाहिले. ती जवळ आली, चष्म्यावरून माझा चेहरा नीट न्याहाळला, आणि मी ब्याऐंशी वर्षांची बाई, वर्गात उशिरा आलेल्या मुलीसारखी तिच्यापुढे उभी राहिले.

"खण," ती म्हणाली. "खरं बोलतायत."