दाराला अडकवलेला कडुनिंब

नेत्राने सोमवारी संध्याकाळी लखनौमधल्या त्यांच्या कॉलनीच्या बागेत, बाकावरच्या सगळ्या बायकांच्या देखत जाहीर करून टाकलं की अबोलीचं अंगावरचं दूध ती उद्याच्या उद्या सोडवणार. तेही एका फटक्यात.

तसं पाहिलं तर ती बागेत फक्त अबोलीला घसरगुंडीवर बसवायला गेली होती. पण हिमानीने तिची ती जुनी कॅसेट पुन्हा लावली. "हमारे गोलू ने तो एक ही बार में छोड़ दिया था, नेत्रा जी. ज़रा-सी नीम पीसकर लगाई, उसने मुँह बनाया और बस. पलटकर नहीं देखा."

बायकांनी माना डोलावल्या आणि नेत्राच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

हिमानी तळमजल्यावर राहायची आणि नेत्रा बरोब्बर तिच्या वर, पहिल्या मजल्यावर. पण डोक्यावर बसायचं काम खालून हिमानीच करायची. हिमानीचा गोलू दुधी मिटक्या मारत खायचा. तिची फोडणी कधी जळायची नाही. नेत्राची आठवड्यातून दोनदा जळायची आणि तिचा धूर आधी हिमानीच्याच खिडकीत जायचा. हेही नेत्राने गिळलं असतं. पण अबोलीसुद्धा हिमानी दिसली की आईच्या कडेवरून माशासारखी सुळकन निसटायची. नेत्रा हाक मराठीत मारायची, पोरगी उत्तर हिंदीत द्यायची, आणि त्या हिंदीला हिमानीच्या घरच्या वेलदोड्याचा वास यायचा.

एकच गोष्ट अशी होती जी अबोलीला हिमानीकडे मिळत नव्हती. खेळून दमली, पडली, झोप आली की ती कुठूनही धावत यायची, आईचा कुर्ता ओढायची आणि म्हणायची, "दुदू." तेवढ्यापुरती ती सगळीच्या सगळी नेत्राची असायची. पोरगी सवादोन वर्षांची झाली होती. डॉक्टर सांगत होते, साताऱ्याहून सासूबाई रोज फोनवर सांगत होत्या, आता सोडव. नेत्रा आज-उद्या करत होती. पण हिमानीच्या एका वाक्याने सगळं ठरलं. आपल्याकडे उरलेली एकुलती एक गोष्टच आपण सोडवायला निघालोय, हे तिच्या ध्यानात आलं नाही. पोटात जळायला लागलं की डोक्यात धूरच जातो.

"कडुनिंब?" हृषीकेशने ताटावरून मान वर केली. तो जवळच्याच औषध संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होता आणि झाडपाल्यांचे अर्क काढून त्यांचा अभ्यास करणं हाच त्याचा धंदा होता. "किती लावणार?"

"कडू लागेल इतका."

"हे काय प्रमाण झालं?"

"मग तू सांग. एवढा मोठा साहेब आहेस."

"पानांचा लेप, नखाएवढा. त्यापेक्षा जास्त नाही. आणि कडुनिंबाचं तेल घरात आणायचंच नाही, लहान मुलांच्या पोटात ते जाणं वाईट." त्याने घास तोंडात घातला आणि मग काहीतरी आठवून थांबला. "पण नेत्रा, तू पाडव्याला हिला..."

"जेव तू. आमटी गार होतेय."

सकाळी तो कामावर गेला आणि नेत्रा अबोलीला कडेवर घेऊन गेटजवळच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. नुकतीच पालवी फुटली होती, तांबूस, कोवळी, चकचकीत. गेटवरच्या जगदीशभैयाकडे तिने मूठभर पानं मागितली.

"मुट्ठी भर माँगकर नीम की बेइज़्ज़ती मत कीजिए, भाभी जी." तो आकडी घेऊन आला. "फोड़ा, फुंसी, दाँत, बाल, पेट के कीड़े. एक बीमारी बता दीजिए जिसमें नीम काम न आए."

हेवा, असं नेत्राच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात वरून फांदी कोसळली. ती अबोलीहून उंच होती आणि तिच्याइतकीच अंगाला झोंबणारी.

पुढे जे झालं त्याला फक्त हात कारणीभूत होते. देवाने बाईला दोनच दिलेत. एका हातात अबोली, दुसऱ्यात फांदी, दातात किल्ली, मनगटाला भाजीची पिशवी. दार उघडताना नेत्राने फांदी बाहेरच्या लोखंडी जाळीत खोचली, मूठभर पानं खुडली आणि दार लावून घेतलं. फांदी तिथेच राहिली. दाराला कडुनिंब लागलेला पाहून तिला उलट बरंच वाटलं. पाडव्याची गुढी उतरवून पंधरवडाच झाला होता. शुभ दिसत होतं.

तिने पानं धुतली, पाट्याऐवजी मिक्सरला लावली, अख्खं स्वयंपाकघर कडू करून टाकलं. नखाएवढा लेप लावला आणि ती आपल्या नेहमीच्या खुर्चीत, परीक्षेला बसल्यासारखी बसली.

अबोली आली. "दुदू."

नेत्राचा हात लेप पुसायला ओढणीकडे गेला. पण तिला हिमानीचं 'पलटकर नहीं देखा' आठवलं आणि तिने मन घट्ट केलं.

अबोलीने तोंड लावलं. थांबली. डोळे मोठे झाले, कपाळाला आठी पडली. संध्याकाळी बागेत बोलायचं वाक्य नेत्रा मनातल्या मनात जुळवू लागली. मग अबोलीने जिभेने वरचा ओठ चाटला, खालचा चाटला, आईकडे अत्यंत प्रेमाने पाहिलं आणि म्हणाली, "और."

नेत्रा खुर्चीतच खचली. हृषीकेशला काल काय म्हणायचं होतं ते आता तिला कळलं.

पाडव्याला तिने रीतसर कडुनिंबाचा प्रसाद केला होता. कोवळी पानं, गूळ, चिंच, जिरं, ओवा. गोळी तोंडात घातल्यावर अबोलीने दुसरीसाठी हात पुढे केला होता. त्याचा नेत्राला इतका अभिमान वाटला की गोळ्यांची वाटी आणि पोरगी घेऊन ती कॉलनीभर फिरली होती. "हमारे बच्चे नीम ऐसे खाते हैं जैसे आपके यहाँ रेवड़ी," असं तिने हिमानीला मुद्दाम तिच्या दारात जाऊन ऐकवलं होतं. गोलू ती वाटी पाहूनच पलंगाखाली शिरला होता. टाळ्या मिळाल्या म्हणून पुढचे काही दिवसही गोळ्या चालू राहिल्या. थोडक्यात, गोलूला कडुनिंब म्हणजे शिक्षा होती आणि अबोलीला सण. नेत्राने पोरीच्या दुधावर आज वरून नैवेद्य ठेवला होता.

तिने लेप खसाखसा धुऊन टाकला. अबोली "और, और" करत मागे लागली होती, तिला बिस्किट दिलं. एवढ्यात फोन वाजला. कामाची बाई होती.

"दीदी, आज नहीं आ पाएँगे. कल भी नहीं." आणि घाईघाईने, "आप बुरा मत मानिएगा," म्हणून तिने फोन ठेवला.

दूधवाला रोज वर येऊन घंटी वाजवायचा. आज त्याने पिशवी खालच्याच पायरीवर ठेवली आणि तो सायकल दामटत निघून गेला. नेत्राने गॅलरीतून डोकावलं. खाली बायकांचा घोळका जमला होता, मधोमध हिमानी. सगळ्या हळू आवाजात बोलत होत्या आणि पुन्हा पुन्हा वर पाहत होत्या. नेत्रा दिसताच एकीने चक्क हात जोडले.

नेत्राचं रक्त तापलं. लेप फसला हे यांना कळलं कसं? बरोबर. खालच्या खिडकीतून सगळं ऐकू जातं. अबोलीचं 'और' हिमानीने ऐकलं आणि लगेच सभा भरवली. आणि वर हात जोडताहेत. एवढी थट्टा.

फोन पुन्हा वाजला. या वेळी हृषीकेश.

"नेत्रा, मला इथून घरी पाठवताहेत. साहेब म्हणाले पंधरा दिवस येऊ नका, बाकीच्यांची मुलं लहान आहेत. घरी काय झालंय?"

"तुझ्या ऑफिसपर्यंत पोचवलं तिने?"

"काय पोचवलं?"

"एक लेप फसला म्हणून नवऱ्याला कामावरून काढतात का रे? हे कुठलं गाव आहे?"

"कुठला लेप? कुणी काढलंय? मला शेजारच्या विभागातला एक जण म्हणाला की त्याची बायको..." आणि फोन कट झाला.

नेत्राने आता कमरेला ओढणी खोचली. खाली जायचं आणि हिमानीला लखनौच्या सगळ्या अदबीसकट सोलून काढायचं. ती दाराशी पोचते तोच बाहेरून आवाज आला.

"दरवाज़ा मत खोलिए, नेत्रा जी. हम बाहर ही रख देते हैं."

नेत्राने दार सताड उघडलं. दोन पायऱ्या खाली, डोक्यावरून ओढणी घेतलेली हिमानी हातात स्टीलचा डबा घेऊन उभी होती.

"खिचड़ी है अबोली के लिए. बिना छौंक की."

"हाँ, हाँ. अब मेरे छौंक पर भी बात कर लीजिए. वही बाकी था." फोडणीचं नाव निघताच नेत्रा उसळली.

हिमानी गोंधळली. "घर में दाने निकले हों तो छौंक नहीं लगाते ना. आपके यहाँ लगाते हैं?"

"किसे दाने निकले?"

हिमानीने जाळीत खोचलेल्या फांदीकडे बोट केलं.

नेत्राने फांदीकडे पाहिलं. तिच्या आजोळीसुद्धा कांजिण्या आलेल्या पोराच्या अंथरुणात कडुनिंबाचा पाला घालायचे. पण दाराला कडुनिंब दिसला की तिच्या डोळ्यांसमोर फक्त गुढी यायची. आणि इथे ती घरात माता आल्याची खूण होती, म्हणून सकाळपासून अख्खी कॉलनी तिच्या दाराला लांबून नमस्कार करून जात होती.

"किसी को कुछ नहीं हुआ," ती पुटपुटली. "हाथ में जगह नहीं थी, इसलिए खोंस दी."

"अरे." हिमानी मटकन पायरीवर बसली. "और हमने सुबह से भगवान को कितना परेशान किया. सब डर रही थीं ऊपर आने से. हमें बचपन में हो चुकी है, तो हमने कहा हम जाएँगे. गोलू को अम्मा जी के पास छोड़कर आए हैं. आप अकेली, साथ में बीमार बच्ची, खाना कौन बनाता."

जिला सोलायला ती निघाली होती, ती एकटीच वर आली होती. तरीही नेत्राच्या घशात एक बारीकसा काटा टोचलाच. म्हणजे चांगुलपणातही हीच पुढे. दोन पायऱ्या खाली बसूनसुद्धा वरच.

"अंदर आइए ना," नेत्रा म्हणाली. "चाय..."

तेवढ्यात जिन्यातून रणशिंग फुंकल्यासारखा आवाज आला. आजीच्या हातून निसटलेला गोलू, साडेतीन वर्षांचा, पायात एकच चप्पल, धापा टाकत वर आला, हिमानीच्या मांडीवर चढला आणि तिची ओढणी बाजूला सारत गरजला, "मम्मी, दुद्धू!"

हिमानीचा चेहरा आधी पांढरा झाला, मग गुलाबी. गोलू सवयीच्या माणसासारखा आपल्या कामाला लागला.

"एक ही बार में छोड़ दिया था," हिमानी म्हणाली. "सच में. सुबह छोड़ा था."

"फिर?"

"शाम को फिर पकड़ लिया."

"कब की बात है?"

"पिछले साल की." तिने मान खाली घातली. "बाग में किसी से कहिएगा मत, आपको अबोली की क़सम."

नेत्रा हसायला लागली. हिमानीही हसायला लागली, पण गोलू हिंदकळायला लागल्यावर थांबली. नेत्राने शपथ घेतली. त्या क्षणाइतकी ती लखनौला आल्यापासून कधीच सुखी नव्हती. घसा मोकळा, पोट थंड, जगात न्याय आहे.

आईच्या पायामागे उभी राहून अबोली हे सगळं बघत होती. मान तिरकी करून, डोळे बारीक करून तिने गोलूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तो तिच्याहून हातभर उंच होता. अबोलीच्या चेहऱ्यावर जो भाव आला, तो नेत्राने फक्त सासूबाईंच्या चेहऱ्यावर पाहिला होता.

"गोलू छोटा बेबी है," ती म्हणाली. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "अबोली बड़ी."

आणि ती डबा घेऊन खिचडी खायला आत निघून गेली.

दुपारी झोपायच्या वेळी तिने कुर्ता ओढला नाही. नेत्राला वाटलं, खिचडी जड झाली असेल. संध्याकाळी ती सोफ्यावरून पडली, रडली, आणि घरी पाठवलेल्या हृषीकेशच्या मांडीत जाऊन बसली. नेत्रा मुद्दाम खुर्चीत बसली. मुद्दाम खाकरली. शेवटी न राहवून म्हणाली, "अबू, दुदू?"

अबोलीने बाबाच्या खांद्यावरून पाहिलं आणि समजुतीच्या स्वरात, चक्क मराठीत सांगितलं, "मी मोठी."

"अरे वा," हृषीकेश म्हणाला. "जमलं की तुझं. एका फटक्यात."

"हो ना," नेत्रा म्हणाली आणि गॅलरीत गेली.

खाली बायका जमल्या होत्या. हिमानीने वर पाहून हात केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हमारी नेत्रा जी ने तो कमाल कर दिया. एक ही बार में छुड़ा दिया." माना डोलल्या. कुणीतरी विचारलंसुद्धा, नीम कितनी लगाई थी? नेत्राने हसून हातानेच दाखवलं, एवढीशी.

मग खालच्या घरातून गोलूचा भोंगा सुरू झाला. "आ रहे हैं, बाबा, आ रहे हैं," म्हणत हिमानी ओढणी सावरत लगबगीने आत गेली. खिडकीचा पडदा सरकला. भोंगा मधेच थांबला. मग काही नाही, अगदी शांत.

नेत्रा कठड्यावरून वाकून ती शांतता ऐकत राहिली.

"काय गं?" हृषीकेश मागून म्हणाला. "आता काय झालं?"

"काही नाही," नेत्रा म्हणाली. "हिमानीचं नशीबच मोठं आहे मेलीचं."