स्वस्तातले भालाईत

आपण सफाईदारपणे हरू शकतो, याविषयी हनुमंतसरांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर प्राचीन इतिहास शिकवणाऱ्या माणसाला हरण्याचा सराव वेगळा करावा लागत नाही. शिवाय त्यांची डॉक्टरेट प्राचीन पायदळावर होती. युद्ध कशाने जिंकतात हे ज्याला ठाऊक, त्याला ते कशाने हरतात हेही ठाऊक असणारच, असा त्यांचा तर्क होता. तर्क निर्दोष होता. काळजीचं कारण तेवढंच होतं.

कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष भिमाजीआबा यांनी त्यांना रविवारी दुपारी मळवलीच्या बंगल्यावर खेळायला बोलावलं होतं. आबांना सध्या एका खेळाने झपाटलं होतं: भिंतीएवढ्या टीव्हीवर प्राचीन काळच्या लढाया. दोघांना सारख्याच मोहरा मिळायच्या, त्यांतून सैन्य विकत घ्यायचं आणि भिडायचं. इकडे मंगळवारी इतिहासाच्या एकुलत्या एक कायम जागेची मुलाखत होती. निवड समितीवर माणसं पाच होती, मत एकाचंच होतं.

वनस्पतिशास्त्राच्या समर्थसरांनी गेल्या वर्षी आबांना कॅरममध्ये हरवलं होतं. आबा रागावले नाहीत, नुसतं "बरं" म्हणाले. जूनच्या वेळापत्रकात समर्थसरांचं नाव नव्हतं.

"हरून या," रेणुकाने निघताना एवढंच सांगितलं होतं. इतर बायका नवऱ्यांना वेगळं काही सांगत असाव्यात.

"या सर," आबांनी सोफ्यावर जागा करून दिली. "तुमी लढाईतले डाक्टर. बघू आज आमची नाडी."

आबांनी वीस हत्ती घेतले, चिलखती घोडेस्वार घेतले आणि सोनेरी छत्राखालचा सेनापती घेतला. सरांनी यादीतलं सर्वांत शेवटचं, सर्वांत स्वस्त नाव निवडलं: भालाईत. अंगात चिलखत नाही, पायात वहाण नाही. खाली एका ओळीचं वर्णन: 'गर्दी करण्यासाठी उपयुक्त.' ती ओळ वाचून सरांचा जुना राग उसळला. हत्तीच्या मदावर अध्याय लिहिणारे पायदळाला अर्धी ओळ देतात, यावरच तर त्यांनी चारशे पानं लिहिली होती. पण राग आज परवडणारा नव्हता. त्यांनी बाराशे भालाईत घेतले, मैदानात उभे केले आणि हात मांडीवर ठेवून पराभवाची वाट पाहिली.

हत्ती आले. पहिल्या तीन रांगा चिरडल्या गेल्या. चौथ्या रांगेशी हत्ती दमले, पाचव्या रांगेत रुतले. चारी बाजूंनी भाले टोचू लागताच ते बिथरले, मागे वळले आणि स्वतःच्याच घोडेस्वारांना तुडवत आबांच्या सोनेरी छत्रापर्यंत जाऊन थांबले. छत्राखाली आता कोणी नव्हतं.

चहा घेऊन आलेल्या झुंबरबाई ट्रे हातात धरूनच उभ्या राहिल्या. बंगल्याची देखभाल त्यांच्याकडे होती आणि आबांसमोर खरं बोलण्याची मुभाही फक्त त्यांनाच होती.

"बारकी मानसं लय चिवट हायती की वो," त्या म्हणाल्या.

"बरं," आबा म्हणाले.

"योगायोग, आबा," सर घाईने म्हणाले. " माझा हात चुकून लागला."

"तुमचा हात मांडीवर व्हता. आनखी एक डाव."

दुसऱ्या डावात सरांनी सगळे भालाईत दलदलीत नेऊन उभे केले. लढाईपासून इतक्या लांब राहून जिंकणं शास्त्रतः अशक्य होतं. आबांचे घोडेस्वार त्यांच्या मागोमाग दलदलीत शिरले आणि चिलखतांच्या वजनाने पोटापर्यंत रुतले. अनवाणी भालाईत चिखलातून ये-जा करत एकेकाला सावकाश टोचत राहिले.

"भातलावनीला असंच असतंय," झुंबरबाई आता खाली मांडी घालून बसल्या होत्या. "बूट घालून कुनी खाचरात उतरतंय व्हय?"

"मावशी, तुम्हाला आत काही काम नाही का?" सरांचा आवाज चिरकला.

"न्हाई."

"बरं," आबा पुन्हा म्हणाले. हे 'बरं' पहिल्याहून हळू होतं. सरांना जूनचं वेळापत्रक दिसू लागलं.

तिसऱ्या डावात त्यांनी लाज सोडली. या वेळी एक सेनापतीही विकत घेतला, तो एकटाच पुढे पाठवला आणि हत्तींच्या पायांखाली घातला. सेनापती पडला की सैन्य पळतं, हे प्राचीन काळापासून चालत आलेलं आहे. भालाईत मात्र पळाले नाहीत. सेनापतीमुळे वाढणारं धैर्य या खेळात फक्त महागड्या तुकड्यांना मिळत असे. या लोकांना त्याच्याकडून कधी काही मिळालंच नव्हतं, त्यामुळे तो गेल्याने त्यांचं काही कमी झालं नाही. ते आपले टोचत राहिले.

हत्ती वळले. पुढचं सरांनी पाहिलं नाही. डोळे मिटूनच त्यांनी झुंबरबाईंचं समाधानाचं "हां" ऐकलं.

आबांनी टीव्ही बंद केला.

"सर," आबा म्हणाले, "आज तुमी माजे डोळे उघडले."

"आबा, माझं चुकलं. मी मुद्दाम..."

"चुकलं कसलं? आमी उगा हत्तीच्या नादी लागलो. हत्तीला खायला घाला, सांभाळा, आन् बिथरला की आपल्याच अंगावर. ही मानसं बघा. चिलखत मागत न्हाईत, सेनापती मेला तरी काम सोडत न्हाईत." ते सरांकडे प्रेमाने बघत राहिले. इतक्या प्रेमाने त्यांच्याकडे संस्थेत कोणी कधी पाहिलं नव्हतं. "ती इतिहासाची कायमची जागा आता भरायचीच न्हाई. मंगळवारचं रद्द करून टाकतो. एका हत्तीच्या पैशात चार भालेवाले येत्यात. त्यातले एक तुमी. तुमचे तास पक्के, काळजी सोडा."

सरांना आपली चारशे पानं आठवली. समोर आबा होते आणि आबांच्या हातात जून होता.

"तुमच्यासारकी आनखी तीन मिळतील का, सर?"

"मिळतील, आबा," हनुमंतसर अदबीने म्हणाले. "पुष्कळ आहेत."